अडीच चंद्र

परसातली कपडे वाळत घालायची दोरी सोडायची, एवढंच मी ठरवलं होतं. (आमच्या घरात मी काही ठरवतो आणि ते घडतं, असे प्रसंग मोजकेच. म्हणून जरा सविस्तर सांगतो.)

दोरी सोडायचं कारण दुर्बीण, आणि दुर्बिणीचं कारण माझी निवृत्ती. बडोद्याच्या अलकापुरी भागातल्या एका विमा कचेरीत मी जन्मभर खुर्ची उबवली. निरोपसमारंभाआधी सहकाऱ्यांनी विचारलं, "दत्तात्रेयभाई, भेट काय देऊ?" आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत होती. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ. मी म्हटलं, "घड्याळ सोडून काहीही द्या. वाटलं तर दुर्बीण द्या." मी हे गमतीनं म्हटलं होतं, पण विमा कचेरीत गंमत हा प्रकार कोणी गृहीत धरत नाही. समारंभाला हार, श्रीफळ आणि माझ्या उंचीचं एक खोकं आलं.

ती तीन पायांची वस्तू उभी करायला आमच्या कारेलीबागेतल्या घरामागचा परस उत्तम होता. एका कोपऱ्यात कढीपत्ता, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, मधे मोकळं आकाश आणि त्या आकाशातून आडवी गेलेली प्रेमलाची दोरी. प्रेमला म्हणजे माझी पत्नी.

"दोरी काढली तर कपडे कुठं घालू?" तिनं विचारलं.

"गच्चीवर. ऊनही चांगलं मिळेल."

"आणि जिने कोण चढणार?"

मी म्हटलं, "व्यायाम होईल."

ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या न बोलण्याचा अर्थ कळायला हवा. मला कळला, असं मला वाटलं. ती रागावली आहे, असं मी समजलो. त्यानंतरचे काही आठवडे घरात जे जे घडलं ते सगळं मी त्या रागाच्या खात्यात जमा करत गेलो.

उदाहरणार्थ, चहा. प्रेमला चहा ओतायची आणि त्यातला थोडा बशीत पडायचा. मी म्हणायचो, राग आहे. गच्चीवरून बादली घेऊन उतरताना ती एकेक पायरी पायानं चाचपत उतरायची. मी म्हणायचो, मला दाखवायला चाललंय. समोरच्या सोसायटीतल्या बाई रस्त्यात हसल्या तर ही ओळख न देता पुढे निघून गेली. मी म्हटलं, माझ्यावरचा राग आता शेजारपाजारावर निघायला लागला. आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, ज्याला मी लग्नापासून हात लावू शकलो नव्हतो, ते तिनं एके सकाळी माझ्यासमोर सरकवलं. "तुम्ही सोडवा. तुम्हाला आता वेळ आहे." हा मात्र मला सन्मान वाटला. (आडवे शब्द मला अजून येतात. उभ्यांत गडबड होते.)

दुर्बिणीतून चंद्र पाहिला, गुरू पाहिला, टाकीवरचं शेवाळ पाहिलं. मग मला जोडताऱ्यांचा नाद लागला. नुसत्या डोळ्यांना जो तारा एकटा दिसतो, तो दुर्बिणीतून पाहिला की दोन निघतात. शेजारी शेजारी, जसे बागेतल्या बाकावर बसलेले नवराबायको. मला ही कल्पना इतकी आवडली की मी दिवसभर तिच्याबद्दलच बोलू लागलो. हंस नावाच्या तारकासमूहात हंसाच्या चोचीपाशी एक तारा आहे. त्याच्यात एक सोनेरी आणि एक निळा असे दोन आहेत, आणि जोडताऱ्यांतली ती सगळ्यांत देखणी जोडी, असं सगळे सांगतात. दिवाळी नुकतीच संपली होती. संध्याकाळी अंधार पडला की हंस अजून वरच असायचा.

मी रोज त्याच्यावर दुर्बीण रोखायचो. मला दिसायचं ते एक पिवळट बोंड. डोळा बारीक करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं. बोंड एकच.

"अगं, जरा इकडं ये," एका संध्याकाळी मी हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. "तो बघ, त्या कढीपत्त्याच्या वर. तोच तो तारा. साध्या डोळ्यांना एकच दिसतो..."

"दोन आहेत की," ती म्हणाली.

"दुर्बिणीतून बघितलं तर दोन. असं नाही."

"अहो, असंच. दोन आहेत. एक जरा फिका आहे."

मी दुर्बीण सोडून तिच्याकडे पाहत राहिलो. मग दुसरा एक तारा दाखवला. "आणि तो?"

"तोही दोन."

(इथं कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात शंका आली असती.)

माझ्या मनात अभिमान आला. जे पाहायला मला माझ्या उंचीची दुर्बीण लागत होती आणि तरी दिसत नव्हतं, ते माझी बायको पदराला हात पुसता पुसता पाहत होती. पूर्वी म्हणे सैन्यात भरती करताना जवळजवळचे तारे दाखवून शिपायांची नजर तपासत. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. आमचे शेजारी सुभानराव यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, म्हणून ही बातमी मी पहिल्यांदा त्यांना दिली.

सुभानराव गंभीर झाले. "आमच्या पणजोबांची नजर अशी होती," ते म्हणाले. "पण ते तुपात बुडवलेली भाकरी खात. वहिनी काय खातात?"

"जे मी खातो तेच."

"मग ही देणगीच म्हणायची. दत्तोबा, हे लोकांना दाखवायला पाहिजे."

सुभानरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. रविवारी संध्याकाळी आमच्या परसात निम्मी सोसायटी जमली. खुर्च्या आल्या, शेवउसळीचं पातेलं आलं, कोणी तरी सतरंजीही आणली. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले डॉक्टर मयंकभाई सहकुटुंब आले. ते डोळ्यांचे डॉक्टर. मला वाटलं, बरं झालं, या विषयातलं जाणतं माणूस आहे, दाद देतील.

प्रेमलाला हे सगळं फारसं पसंत नव्हतं. पण ती नवी साडी नेसून आली आणि मी बोट दाखवीन तिकडं पाहून सांगत राहिली. "दोन." टाळ्या. "तोही दोन." टाळ्या. आमच्या परसात मला टाळ्या मिळतील असं कधी वाटलं नव्हतं. त्या मला नव्हत्याच, पण मी मान लववत होतो.

मयंकभाई मात्र टाळ्या वाजवत नव्हते. उसळीची वाटी खाली ठेवून ते उठले आणि प्रेमलाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काकी, चांदा केटला छे?" चंद्र किती दिसतात, असं त्यांनी हळूच विचारलं.

टाकीच्या वर अर्धा चंद्र होता. प्रेमलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून धीर दिला, म्हणजे अजून एक विक्रम होऊन जाऊ दे अशा अर्थानं.

"दोन," ती म्हणाली. "हल्ली कधी कधी अडीचही वाटतात."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मयंकभाईंनी तिचा डावा डोळा तळहातानं झाकायला सांगितला. तरी चंद्र दोनच. त्यांनी खिशातून छोटा टॉर्च काढला, तिच्या उजव्या डोळ्यात पाहिलं, मग डाव्या. मग टॉर्च खिशात ठेवून माझ्याकडे वळले.

"काका, ही नजर तेज नाही," ते मराठीत म्हणाले. बडोद्यात जन्मलेल्या गुजराती माणसाला नाजूक गोष्ट सांगण्याइतकं मराठी येतं. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच वाढलाय. त्यामुळं एकाचे दोन दिसतात. डाव्यातपण सुरुवात आहे. उद्या-परवा क्लिनिकवर घेऊन या. घाबरण्यासारखं काही नाही."

लोक उसळ संपवून, वाट्या टाकीपाशी नीट रचून, एकेक करून गेले. सुभानराव शेवटी गेले. दारातून परत येऊन सतरंजीची घडी घालून गेले.

आम्ही दोघं खुर्च्यांच्या गर्दीत बसून राहिलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही निवृत्तीच्या आनंदात होता. मग ही दुर्बीण आली." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आणि तुम्ही दिवसरात्र दोन दोन म्हणायला लागलात. मी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट दोन दिसायला हवी अशी निघाली. मला बरं वाटलं हो. वाटलं, निदान इथं तरी मी चुकत नाहीये."

चहा, पायऱ्या, समोरच्या बाई, शब्दकोडं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि मी ते सगळं चुकीच्या खात्यात जमा केलं होतं. जन्मभर कारकुनी करूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते म्हणजे दुर्बीण बाजूला ओढून दोरी पुन्हा बांधली. गाठ मारणं मला येत नाही हे तेव्हा कळलं. पहिलीच ओली चादर सगळ्या दोरीसकट कढीपत्त्यावर आली. प्रेमलानं येऊन हातानं चाचपत दुसरी गाठ मारली. ती अजून सुटलेली नाही.

पण ऑपरेशनला ती तयार होईना. तिच्या इंदिराआत्याचं असंच कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, फार पूर्वी, आणि त्या डोळ्यानं आत्यांना पुन्हा दिसलं नाही. प्रेमला तेव्हा लहान होती. आत्या तिला जवळ बोलावून तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या, ते तिच्या लक्षात होतं.

"आता तसं राहिलेलं नाही. मशीननं करतात," मी सांगायचो.

"तुमचं करायचं असतं म्हणजे कळलं असतं."

हे मी मनाला लावून घेतलं. म्हटलं, "ठीक आहे. तपासायला आपण दोघं जाऊ. माझेही डोळे दाखवतो. तुला जे करतील ते मलाही करू देत. मग तर झालं?"

त्यावर ती निघाली. मयंकभाईंचं क्लिनिक चालत जाण्याच्या अंतरावर. आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून नर्सबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होण्यासाठी. प्रेमलानं मुकाट्यानं घालून घेतले. माझा पहिला थेंब गालावर पडला, दुसरा मिशीत, तिसरा मी डोळा इतका घट्ट मिटला की पापणीवरच बसून राहिला. "काका, आंख खोलो, छोकरांओ पण आवुं नथी करतां," नर्सबाई म्हणाल्या, म्हणजे लहान मुलंसुद्धा असं करत नाहीत. शेवटी प्रेमलानं माझी हनुवटी धरली तेव्हा काम झालं.

तपासणी झाली. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला होता, नवा चष्मा मी नंतर करू म्हटलं. आणि आम्ही भर दुपारी बाहेर पडलो.

बाहेर काहीच नव्हतं. म्हणजे सगळं होतं, पण पांढरं. रस्ता पांढरा, रिक्षा पांढऱ्या, माणसं पांढऱ्या उजेडात विरघळलेली. मी एका उभ्या स्कूटरला धडकलो आणि तिला "सॉरी, बेन" म्हणालो. मग प्रेमला समजून एका गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "घाबरू नकोस, मी आहे." ते गृहस्थ घाबरले.

"अहो, इकडं," प्रेमलाचा आवाज आला आणि तिनं माझा हात धरला.

"अगं, थेंब तर तुझ्याही डोळ्यांत घातलेत. तुला कसं दिसतंय?"

"दिसत नाही. मला सवय आहे."

हे तिनं अगदी सहज म्हटलं. दूध संपलंय असं सांगावं तसं. आणि मला घेऊन चालू लागली. "इथं गटाराचं झाकण हलतं, डावीकडून या. आता शेंगांची भट्टी, वास येतोय ना? त्याच्यापुढं रस्ता ओलांडायचा. थांबा, स्कूटरचा आवाज जाऊ दे. चला." एरवी या रस्त्यानं मीच पुढं असायचो आणि ती मागं. ती मागं का पडते म्हणून मी कधी कधी कुरकुरायचोही. आता मी तिच्या कोपराला लोंबकळत चाललो होतो आणि मला कळत होतं, की दोनदोन रिक्षांमधली खरी कुठली हे ओळखत ही बाई गणपतीपासून रोज या रस्त्यानं भाजी आणत होती. त्यात माझ्या आवडीची पापडीसुद्धा.

फाटकापाशी आल्यावर मी बोललो. "प्रेमला, मला भीती वाटली गं. एवढ्याशा वाटेत."

"ते दिसलंच. म्हणजे ऐकू आलं." तिनं फाटकाची कडी एका झटक्यात शोधून काढली. "तुमच्याच्यानं थेंबसुद्धा घालून घेववत नाही. उद्या मला काही दिसेनासं झालं तर तुम्ही मला काय सांभाळणार? त्यापेक्षा मी ऑपरेशन करून घेते."

माझ्या सगळ्या उपदेशानं जे झालं नव्हतं ते माझ्या नालायकीनं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. मला कोणी आत बोलावलेलं नव्हतं, तरी मी डोक्याला हिरवी टोपी घातली होती. ती कोणाची होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रेमला आत जाताना म्हणाली, "गॅसवर दूध ठेवून आला नाहीत ना?" मी नाही म्हणालो आणि मग ती बाहेर येईपर्यंत आपण खरंच ठेवून आलो की काय याचा विचार करत बसलो. त्यामुळं दुसरी काळजी करायला वेळ कमी मिळाला. तिनं हे मुद्दाम विचारलं होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी मयंकभाईंनी पट्टी काढली. प्रेमलानं डोळ्यांची उघडझाप केली. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, खिडकीतल्या झाडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "एकच आहात."

मयंकभाई खिडकीकडे तोंड करून कसलीतरी बाटली शोधू लागले.

"बरं झालं," ती पुढं म्हणाली. "दोन सांभाळणं जड जात होतं."

मग दिवसातून ठरल्या वेळी थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी निम्मे थेंब उशीवर पडले. आठवड्याभरात मी त्यात इतका तयार झालो की सुभानरावांनी, म्हणजे ज्यांना काही झालेलं नव्हतं, त्यांनीही एकदा घालून द्या म्हटलं. शब्दकोडं माझ्याकडून काढून घेण्यात आलं. तिनं मागचे सगळे अंक काढून माझे उभे शब्द तपासले आणि रबर मागितलं.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आलं होतं. डॉक्टरांनी सगळं करायची परवानगी दिल्यावर एका संध्याकाळी प्रेमला आपण होऊन म्हणाली, "तुमची ती जोडी दाखवा ना. आता खरी दोन दिसतात का बघू."

मला इतका आनंद झाला की मी स्वेटर उलटा घालून परसात आलो. हंस आता पश्चिमेला पार खाली उतरला होता. कढीपत्त्याच्या फांद्यांतून, गावाच्या त्या टोकाच्या गोत्रीच्या दिशेला, मी बराच वेळ शोधलं. आणि काय सांगू, सापडला. एक सोनेरी, एक निळा, शेजारी शेजारी, थोडे धूसर, पण दोन. इतके दिवस जे बोंडच राहिलं होतं ते माझ्यासाठी त्या संध्याकाळी उमललं होतं. एरवी तारे दुर्बिणीत फार वेळ टिकत नाहीत, पृथ्वी फिरते म्हणून सरकून जातात आणि सारखी नळी हलवावी लागते. हे दोघं मात्र जागचे हलत नव्हते. माझा हात आता बसला, असं मी मनाशी म्हटलं.

"ये," मी म्हणालो. "बघ. किती शतकं ते दोघं असे एकमेकांशेजारी आहेत."

तिनं आयपीसला डोळा लावला. चाक जरासं फिरवून फोकस नीट केला. बराच वेळ पाहत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

"सुंदर आहेत," ती हळूच म्हणाली. "खरंच दोन आहेत. एक पिवळा, एक निळा."

"सांगत नव्हतो?"

"फक्त पिवळ्याशेजारी एक माणूस आहे. डोकं खाली, पाय वर. फोनवर बोलतोय."

या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मी वाकून डोळा लावला. लांबच्या कुठल्याशा नव्या उंच इमारतीची गच्ची होती. जिन्याच्या दारावर पिवळा दिवा, त्याच्याशेजारी पाटीचा निळा दिवा आणि मधे फेऱ्या मारणारा एक गृहस्थ. माझ्या देखत त्यानं फोन खिशात घातला, दार उघडलं, बटण दाबलं, आणि सोनेरी तारा विझला.

मी डोळा काढला नाही. काढून कुठं बघणार होतो.

"गेला का?" प्रेमलानं विचारलं.

"गेला."

"जेवायला गेला असेल. चला, आपणही पानं घेऊ. आणि तो स्वेटर सुलटा करा, सुभानराव गच्चीवरून बघतायत."